नारिंगी सुया

४ जून

आत्या,

आणि हो, परवा फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस ना, "आकड्यांचं काय घेऊन बसलीस," त्यावर माझं अजून बोलून संपलेलं नाही. तू फोन ठेवूनच दिलास. म्हणून हे पत्र. तसंही तुझीच अट आहे, महत्त्वाचं काही बोलायचं तर मराठीत आणि हाताने लिहून, कारण फोनवर मी वाक्य मराठीत सुरू करते आणि इंग्लिशमध्ये उतरते. घे. शुद्धलेखनाला हसायचं नाही. इंग्लिश शाळेत मला बाबांनी घातलं, मी नव्हते गेले.

तर आकडे. काल मी नेटवर तुझं नाव टाकून तुझे सगळे संशोधनाचे पेपर काढले. तुझा इंडेक्स आहे चौदा. म्हणजे तुझे चौदा पेपर असे आहेत, ज्यांतल्या प्रत्येकाचा लोकांनी आपापल्या पेपरात निदान चौदा वेळा उल्लेख केलाय. ठीक आहे, फार नाही. आमच्या गाइड मॅडमचा याहून मोठा आहे आणि त्या तो जेवतानाही सांगतात. पण आत्या, एकूण उल्लेख नऊशेच्या वर! आणि त्यातले चारशे एकाच पेपरचे! तुझा पहिलावहिला, नारिंगी सुयांसारख्या स्फटिकांचा. चार पानांचा पेपर आणि चारशे जण! जगात कुठकुठल्या खोल्यांत बसून चारशे माणसांनी तुझं नाव लिहिलंय, हे मी बसून नुसतं स्क्रोल करत होते.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "ताईला चारशे लोक ओळखतात? तिला तर तिच्या जिन्यातले चौघं ओळखत नाहीत."

तुमची ती समिती सप्टेंबरमध्ये बसणार ना, तुला निवृत्तीनंतर लॅब द्यायची की नाही ते ठरवायला? मग हा आकडा त्यांच्या नाकासमोर धर की. एवढी गप्प का असतेस?

इकडे मी खोकी फोडतेय. आमची लॅब इतकी नवी आहे की टेबलांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि ड्रॉवर उघडला की गोंदाचा वास येतो. इथे अजून कुणीच काहीच बनवलेलं नाही. पीएचडीला येऊन मी सध्या फक्त थर्माकोलची एक्स्पर्ट झालेय.

तुझी,
भिंगरी

१५ जून

भिंगरी,

शुद्धलेखनाला हसले नाही. "स्क्रोल करत होते" हे मराठी आहे असं धरून पुढे गेले.

तू मोजलंस, पण वाचलं नाहीस. कुणी आपलं नाव घेतलं एवढ्यावर खूश व्हायचं असतं का? आधी बघावं, कशासाठी घेतलंय ते. त्या चारशेतले कुठलेही दहा पेपर उघड आणि माझं नाव ज्या वाक्यात आलंय तेवढं एक वाक्य वाच. मग बोलू.

समितीचं म्हणशील तर त्यांनाही तो आकडा तुझ्याइतकाच आवडलाय. अध्यक्ष मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, तुमचा हा पेपर म्हणजे आपल्या संस्थेची शान." त्यांनीही वाचलेलं नाही. मी त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. पण माणूस इतक्या कौतुकाने बोलत असला की आपलीच जीभ जड होते.

म्हणून मी ठरवलंय, ऑगस्टअखेर मासिकाला कळवून तो पेपर मागे घ्यायचा. पेपर गेला की त्याचे चारशेही गेले. उरलेल्या आकड्यावर मला लॅब मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर तुझ्या बापाच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालेन. त्याला मात्र आत्ताच सांगू नकोस, तो उगाच कुंड्या आणून ठेवेल.

आत्या

२६ जून

आत्या,

दहा नाही, साठ वाचले. मग लॅपटॉप बंद केला आणि एकटीच कॉरिडॉरमध्ये चकरा मारत राहिले.

"अमुक यांनी कळवलेल्या नारिंगी सुया आम्हाला मिळाल्या नाहीत." "वारंवार प्रयत्न करूनही फक्त फिके पापुद्रेच मिळाले." "हा दावा संशयास्पद वाटतो." एकाने तर विद्यार्थ्यांसाठीच्या लेखात तुझा पेपर 'घाईने छापू नये याचं उदाहरण' म्हणून दिलाय! हे सगळे तुझ्या खात्यावर जमा! शिवी दिली तरी एक, शाबासकी दिली तरी एक!

आणि राग कशाचा आला सांगू? साठांतल्या पंधरावीस जणांनीच स्वतः करून पाहिलंय. बाकीच्यांनी एकमेकांचं वाचून तेच वाक्य खाली ढकललंय. शाळेत आम्ही गृहपाठ असाच करायचो.

पण आत्या, तू तर वजनकाट्यावर फुंकर पडली तरी पुन्हा वजन घेणारी. चूक झाली असती तर तू दुसऱ्याच महिन्यात पेपर मागे घेतला असतास. इतकी वर्षं का नाही घेतलास? त्या सुया होत्या ना? मला खरं काय झालं ते सांग. मी लहान नाही आता.

भिंगरी

८ जुलै

भिंगरी,

विचारलंस म्हणून सांगते. हे तुझ्या बापालाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

तेव्हा मी तुझ्याच वयाची. काम अगदी साधं, दोन पदार्थ गरम अल्कोहोलमध्ये एकत्र विरघळवायचे आणि सावकाश गार होऊ द्यायचे. बीकर खिडकीत ठेवला होता. थोड्या वेळाने पाहिलं तर तळाशी एक केस पडलेला. मला वाटलं माझाच, म्हणून काढायला काचेची कांडी घेतली. तर तो केस वाढला. मी बघत असताना वाढला! एका टोकाकडून पुढे सरकत गेला, आतून कुणीतरी दोरा ओढत असल्यासारखा. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग दहा, मग सगळा तळ. आणि रंग? विझत आलेला निखारा फुंकल्यावर होतो, तसा नारिंगी. ज्या पाण्यासारख्या द्रावणात एक क्षणापूर्वी काही नव्हतं, त्यात कोट्यवधी रेणू कुणी हाक न मारता रांगेत येऊन उभे राहत होते. मी कांडी हातात धरून तशीच उभी. आमचे सर आत आले आणि म्हणाले, "काय, देव दिसला का?" मी म्हटलं, "सर, जरा थांबा."

वर्षभर मी त्या सुया हव्या तेव्हा बनवल्या. पेपर छापला. आत रेणू कसे बसलेत ते दाखवणारा सुयांचा एक्स-रे काढायचा राहिला होता, कारण तेव्हा त्या मशीनसाठी नंबर लावावा लागायचा. आणि एका सकाळी त्याच बीकरमध्ये फिके पापुद्रे. पुन्हा केलं, पापुद्रे. काच बदलली, पापुद्रे. जपून ठेवलेली सुयांची बाटली उघडली तर त्याही दोन दिवसांत फिक्या पडल्या, चुरा झाल्या. तेव्हापासून एकही सुई मी पाहिलेली नाही.

रेणू तेच असतात, बसण्याची रीत बदलते. पापुद्र्यांची रीत जास्त आरामाची. ती एकदा कुठूनतरी जमली की तिचा डोळ्याला न दिसणारा एखादा कण हवेत असला तरी पुरतो. त्याचं बघून बाकीचे सगळे तसेच बसतात. हे होतं, आमच्या विषयात माहीत आहे. पण स्वतःवर आलं की ती सबब वाटते. "आधी होत होतं हो, आता होत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाकडे तू कशी बघशील?

आता तर मलाच शंका येते. खरंच नारिंगी होत्या का? की मला नारिंगी हव्या होत्या?

तू यात पडू नकोस. तुझी सुरुवात आहे. आत्याचं झेंगट गळ्यात घेऊन कुणी पीएचडी करत नाही.

आत्या

९ ऑगस्ट

आत्या आत्या आत्या,

आधी बस. बसलीस? नारिंगी आहेत.

मी पडले यात. तू 'पडू नकोस' म्हणालीस ना, तेव्हाच पडले. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "नवीन हीटर चालतो का हे तुला तपासायचंच आहे. काय गरम करून तपासतेस ते मी विचारलेलं नाही." बाईंचा इंडेक्स मोठा आहे तो उगाच नाही.

नव्या बाटल्या, नवं अल्कोहोल, नवे बीकर, तुझ्या पेपरातली कृती जशीच्या तशी. दोन वेळा काहीच नाही, नुसतं पाण्यासारखं द्रावण. काल तिसऱ्यांदा. सकाळी अकराच्या सुमाराला खिडकीतून ऊन आत आलं आणि मला बीकरच्या तळाशी केस दिसला. आत्या, मला माहीत होतं तो केस नाही! तरी मी आधी स्वतःचे केस चाचपले!

मग तो सरकला. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. एवढंच सांगते, मी हीटर बंद करायला विसरले होते. शेजारच्या टेबलावरचा मुलगा "झालं का गं तुझं, हीटर हवाय" म्हणत आला आणि बीकर बघून त्याने आवाज खाली आणला, देवळात आणतात तसा. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. तू शोधलंस हे! माझ्याएवढी असताना, एकटीने! मी जन्मायच्या आधी, तुझ्या त्या खिडकीत हेच घडलं होतं!

थोड्या सुया काढून, सुकवून, केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत भरल्या आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलं. तीच नळी पुढच्या आठवड्यात एक्स-रेला जाणार. बाकीच्या सुया द्रावणासकट बशीत आहेत. आज सकाळी तुझं पत्र लॅबमध्येच घेऊन गेले आणि बशीशेजारी उघडं ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. निखाऱ्याचा रंग? बरोबर. दोरा ओढल्यासारखं? बरोबर. पत्र अजून तिथेच आहे, मी त्यावर कप ठेवलाय, उडू नये म्हणून.

पेपर मागे घेऊ नकोस. ऐकतेस ना? मागे घेऊ नकोस!

भिंगरी

१८ ऑगस्ट

आत्या,

परवा फोनवर तू "हॅलो"सुद्धा न म्हणता "माझं पत्र कुठंय?" असं ओरडलीस, तेव्हा मला वाटलं हिला आनंदाचा झटका आला. मी आपली सांगतेय की सुया निस्तेज दिसतायत, मीच काहीतरी सांडलं असेल, आणि तू एकच, "पत्र कुठंय, पत्र कुठंय!"

माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं गं. तू पत्र लिहितेस लॅबमधल्या टेबलावर. त्या टेबलावर इतकी वर्षं पापुद्रे बनतायत. कागदाच्या घडीत एखादा कण असणारच, आणि मी ती घडी बशीशेजारी उलगडली! तुझ्या सुयांना तुझ्याच पत्राने गाठलं, आणि तिथपर्यंत ते मी चालवत नेलं.

पण तू फोनवर म्हणालीस, "रडू नकोस. मायक्रोस्कोपखाली घे आणि बघ. मला हे बघायला मिळालं नव्हतं." ते बरं झालं. मी फोन कानाला लावून बघत होते आणि तुला सांगत होते, आठवतंय? एका सुईच्या टोकाशी धुकं आल्यासारखं झालं. मग टोक झिजायला लागलं आणि बाजूलाच एक पारदर्शक पान उघडत गेलं. एकीकडे सुई विरघळतेय, दुसरीकडे त्याच रेणूंचं पान वाढतंय. नारिंगी रंग जणू कुणी आत ओढून घेत होतं. भीतीही वाटत होती आणि नजरही हलत नव्हती. तू पलीकडून फक्त "हं... हं..." करत होतीस. शेवटी मी म्हटलं, "संपलं." तर तू म्हणालीस, "किती सुंदर असेल." असेल! जिने शोधलं तिने असं म्हणायचं!

आता इथेही पापुद्रेच. नंतर चार वेळा केलं, मॅडमनी स्वतः केलं, पापुद्रेच. लॅब बाटली गं आमची. प्लास्टिक निघायच्या आत बाटली.

पण नळी बंद होती आत्या! नळीतल्या सुया आहेत, अजून नारिंगी. काल एक्स-रे काढला. काचेच्या आतून, तोंड न उघडता. मशीनवाले काका म्हणाले, "ही मांडणी आमच्याकडे कुठेच नाही." मॅडमनी आकृती पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत पाहिली. म्हणाल्या, "तुझ्या आत्याला माझा नमस्कार कळव." आकृती सोबत पाठवतेय. रेणू कसे तिरपे, एकावर एक, पायऱ्यांसारखे बसलेत बघ. पापुद्र्यांत ते सपाट असतात. इतकाच फरक, आणि त्यावर तुझी इतकी वर्षं.

रविवारी घरी येतेय. नळी खिशात घेऊन.

भिंगरी

२८ सप्टेंबर

भिंगरी,

हे पत्र तुझ्या बापाच्या घरी बसून, त्याच्या कागदावर, त्याच्या पेनाने लिहितेय. तरीही लॅबच्या बाहेर उघड. सवय लागू दे.

त्या रविवारी तू नळी माझ्या तळहातावर ठेवलीस आणि मी ती घेऊन खिडकीशीच उभी राहिले, जेवायलाही आले नाही, याचं तुला वाईट वाटलं असेल. तू गेल्यावर तुझा बाप म्हणाला, "ताई, तू जेवण गार होऊ दिलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं." मी त्याला काय सांगणार? मी नळी उजेडात धरली होती आणि त्या आत होत्या. माझ्या आठवणीतल्यापेक्षा जरा जास्तच नारिंगी. म्हणजे मी वाढवून सांगत नव्हते, उलट इतक्या वर्षांत कमी करत आले होते. कुणी विश्वास ठेवत नसलं की आपणही आपला रंग हळूहळू फिका करत जातो.

मागे घेण्याचं पत्र फाडलं. समितीला मात्र सगळं लिहून दिलं, की चारशेतले बहुतेक लोक मला खोटी ठरवणारे आहेत, तेव्हा मोजताना विचार करा. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आम्ही वाक्यं वाचत नाही, उल्लेख म्हणजे उल्लेख." लॅब मिळाली. ज्या कारणासाठी मिळायला नको होती, त्याच कारणासाठी मिळाली. तुझा बाप कुंड्या घेऊन आलाच होता, त्या आता माझ्या लॅबच्या खिडकीत आहेत.

आता खरी गोष्ट. तुझी ती बशी डोक्यातून जात नव्हती. मग एकदम लख्ख दिसलं. तुला सापडलेल्या ज्या पंधरावीस जणांनी माझी कृती करून पाहिली, त्यांनी त्याआधी काय केलं होतं माहितीये? मला लिहून नमुना मागितला होता. रीतच आहे ती. दुसऱ्याचं काम तपासायचं तर आधी त्याचा नमुना मागवायचा, आणि मागितला की द्यायचा, नाही म्हणायचं नाही. मीही कुणाला नाही म्हटलं नाही. माझ्याकडे तोवर पापुद्रेच होते, तेच पाठवले. जपून बांधून, वर माझ्या हाताने चिठ्ठी लिहून. माझ्या पुडीने त्यांच्या दारात पाऊल टाकलं आणि तिथल्या सुया जन्मायच्या आधीच गेल्या. तू नमुना मागितला नाहीस. चोरून करत होतीस म्हणून. तेवढ्यानेच तुला मिळाल्या!

वेड लागायची वेळ आली मला. दुःखाने नाही गं. मी खिडकीपाशी उभी राहून हसत होते. एवढासा कण, दिसत नाही, वजनात भरत नाही, तो एका बाजूला आणि पंधरावीस लॅबांतली हुशार माणसं दुसऱ्या बाजूला. आणि आम्ही सगळे आयुष्यभर आपापले आकडे मोजत होतो.

मासिकाच्या संपादकांना तुझी आकृती पाठवली. त्यांचं उत्तर आलंय, छापायला तयार आहेत. तुझं नाव आधी, माझं नंतर, त्यावर वाद घालायचा नाही. पण त्यांची एक अट आहे, सगळ्यांनाच असते. लेखाच्या शेवटी लिहून द्यावं लागतं की जो मागेल त्याला लेखक नमुना देतील. आणि आपल्याकडे, तुझ्या लॅबमध्ये आणि माझ्याही, देण्यासारखं आता फक्त पापुद्रे आहेत. दिले की तपासणाऱ्याच्या हातून सुया कायमच्या जातात. ती एक नळी दिली, तर जो उघडेल त्याच्यापुरतीच, आणि तीही त्याची लॅब कोरी असली तरच.

म्हणजे मला लिहावं लागेल, "नमुना मिळणार नाही. कृती दिली आहे. नव्या जागी, नव्या भांड्यांत स्वतः करून पाहा, आणि आमच्याकडून पत्रसुद्धा मागवू नका." कालपासून हे वाक्य लिहून समोर ठेवलंय. आयुष्यभर असं वाक्य लिहिणाऱ्या माणसाला मी लबाड म्हणत आले. तेच आज माझ्याकडचं सगळ्यात खरं वाक्य आहे.

आजवर तू विचारायचीस आणि मी सांगायचे. आज मी विचारते, नीट विचार करून उत्तर दे, आणि आत्या म्हणून सूट देऊ नकोस. तू माझी कुणी नसतीस, कुठल्यातरी लांबच्या लॅबमध्ये बसून हे वाक्य वाचलं असतंस, तर माझ्यावर विश्वास ठेवला असतास का?

आत्या